कॅमेऱ्याचा झोन आखला, तरी सूचना थांबत नाहीत

या अंकासाठी घरगुती सुरक्षा कॅमेऱ्यांविषयीची पाच पत्रे निवडली आहेत. सर्वांची अडचण एकाच ठिकाणी आहे. ॲपमध्ये बोटाने चौकोन ओढून ‘एवढ्याच भागातील हालचाल टिपावी’ असे कॅमेऱ्याला सांगितले, म्हणजेच मोशन डिटेक्शनचा झोन आखला, तरी नको त्या सूचना येत राहतात किंवा हव्या त्या येत नाहीत.

प्रश्न : आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर कॅमेरा आहे. समोर अंगण, मग गजांचे फाटक आणि पलीकडे वाहता रस्ता. फाटकासह अंगण तेवढे झोनमध्ये घेतले आहे आणि रस्ता कटाक्षाने वगळला आहे. तरीही रस्त्यावरून ट्रक गेला की मोबाइल वाजतो. झोन चालतच नाही का?

उत्तर : झोन चालतो आहे, पण तो जिथे आहे असे आपण समजत आहात तिथे तो नाही. जमिनीवर कुंपण घालावे तसा आपण झोन आखतो; कॅमेऱ्याच्या लेखी मात्र तो सपाट चित्राचा एक तुकडा असतो, आणि त्या तुकड्यात दिसणारी वस्तू चार पावलांवर आहे की चाळीस, याचा साध्या मोशन डिटेक्शनला पत्ता नसतो. आपल्या फाटकाच्या गजांमधून पलीकडचा रस्ता दिसतो, म्हणजे फाटक आणि रस्ता चित्रात एकाच जागी आले आहेत. फाटक झोनमध्ये घेतले तेव्हाच रस्त्याची ती पट्टीही आत आली, आणि ट्रकची चाके नेमकी तिथूनच जातात.

आता ट्रकची एखादी क्लिप उघडावी, ट्रक फाटकासमोर येताच ती थांबवावी आणि चाकांची खालची कड चित्रात कुठवर येते ते पाहावे. झोनची वरची कड त्याच्याही खाली, शक्यतो फाटक जमिनीला टेकते त्या रेषेच्या किंचित अलीकडे आणावी. असे केल्यावर फाटकाबाहेर नुसत्या उभ्या असलेल्या माणसाची सूचना येणार नाही, हे मान्य करावे लागेल. पण त्याने आत पाऊल टाकले की ते झोनमध्ये पडते, आणि पुढच्या काही पावलांत त्याची आकृती झोनचा बराच भाग व्यापते. मला ही तडजोड योग्य वाटते, कारण दिवसभर वाजणाऱ्या मोबाइलकडे पाहणे माणूस हळूहळू सोडून देतो आणि मग ज्या सूचनेसाठी कॅमेरा बसवला तीही न पाहता राहून जाते.

झोन खाली घेतल्यावर अंगणाचा भाग फारच थोडा उरत असेल, तर कॅमेऱ्याचे तोंड थोडे खाली झुकवावे. तसे केल्याने रस्ता चित्राच्या वरच्या कडेकडे सरकतो, प्रसंगी चित्राबाहेरही जातो, आणि अंगणाला जास्त जागा मिळते. रात्रीच्या सूचनांचे कारण मात्र वेगळे असू शकते. वाहन झोनबाहेर असते, पण त्याच्या हेडलाइटचा उजेड अंगणातल्या जमिनीवरून सरकत जातो आणि पिक्सेलमधील बदल मोजणारा कॅमेरा त्यालाही हालचाल समजतो. तिथे झोन कितीही काळजीपूर्वक आखला तरी उपयोग होत नाही. कॅमेऱ्यात माणूस ओळखण्याची सोय असल्यास ती सुरू करावी.

प्रश्न : मध्यरात्रीनंतर सूचनांचा सपाटा सुरू होतो. क्लिप पाहावी तर कोणीच नसते, फक्त पांढरे ठिपके आणि कधी कधी एखादी पांढरी रेघ दिसते. झोन लहान करत करत दारापुरता आणला, तरी फरक पडलेला नाही.

उत्तर : ते ठिपके बहुधा कीटकांचे आहेत आणि रेघ कोळ्याच्या धाग्याची. अंधार पडला की कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. त्यांचा प्रकाश बहुतेक कॅमेऱ्यांत ८५० किंवा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फार तर ८५०च्या दिव्यांची मंद लालसर चमक जाणवते. लहानशा दिव्याचा प्रकाश अंतर दुप्पट झाले की एक चतुर्थांश उरतो. या हिशेबाने भिंगापासून २० सेंटिमीटरवर उडणाऱ्या कीटकावर ५ मीटरवरच्या दारापेक्षा सुमारे ६२५ पट तीव्र प्रकाश पडतो. म्हणून एवढासा जीव चित्रात पांढऱ्या गोळ्यासारखा दिसतो, आणि तो भिंगाच्या अगदी जवळ असल्यामुळे क्षणार्धात चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. झोन चित्रात कुठेही असला तरी कीटक त्यातून जाणारच. झोन लहान करून फरक पडला नाही तो यामुळे.

माझ्या दारावरच्या कॅमेऱ्याने मला लागोपाठ तीन रात्री असेच जागवले होते. क्लिपमध्ये मनगटाएवढा जाड पांढरा दोर झुलताना दिसत होता. सकाळी शिडीवर चढून पाहिले तर काहीच दिसेना. शेवटी टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा टाकला, तेव्हा भिंगाच्या कड्यापासून भिंतीपर्यंत गेलेला एकच धागा चमकला. मऊ ब्रशने तो काढला आणि त्या रात्री मोबाइल शांत राहिला. कोळी मात्र पुन्हा येतो, त्यामुळे भिंगाभोवतीची जागा मऊ, कोरड्या कापडाने अधूनमधून पुसण्याला पर्याय नाही.

कायमचा उपाय हवा असेल, तर कॅमेऱ्याचे अंगचे इन्फ्रारेड दिवे ॲपमधून बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून थोड्या अंतरावर बसवावा. मग भिंगाजवळून उडणाऱ्या कीटकांवर तेवढा तीव्र प्रकाश पडत नाही आणि ते चित्रात पांढरे उठून दिसत नाहीत. सूचना केवळ तिन्हीसांजेला आणि पहाटे एकेकदाच येत असेल, तर ती कीटकांमुळे आलेली नसावी. त्या वेळी कॅमेरा रंगीत चित्रावरून कृष्णधवल चित्रावर किंवा उलट जातो, आतली गाळणी सरकल्याचा बारीक टक् असा आवाजही येतो, आणि सगळे चित्र एकदम बदलल्यामुळे काही कॅमेरे त्यालाच हालचाल मानतात.

प्रश्न : आमचा बॅटरीवरचा कॅमेरा दारासमोरून आडवे जाणाऱ्यांना अचूक टिपतो, पण समोरून थेट दाराकडे येणारा माणूस घंटी वाजवेपर्यंत सूचना येत नाही. शिवाय झोन लहान केला तरी बॅटरी पूर्वीइतकीच लवकर उतरते.

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ पीआयआर सेन्सरमध्ये आहे. बॅटरी वाचावी म्हणून असे कॅमेरे एरवी झोपलेले असतात, आणि जागा असतो तो उष्णता टिपणारा हा छोटा सेन्सर. त्याच्यासमोरचे पांढुरके प्लास्टिकचे भिंग समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे भाग पाडते. उबदार शरीर एका भागातून दुसऱ्या भागात गेले की सेन्सरला बदल जाणवतो. आडवा चालणारा माणूस असे अनेक भाग भराभर ओलांडतो. थेट समोरून येणारा बराच वेळ एकाच भागात राहतो आणि अगदी जवळ आल्यावरच लक्षात येतो. म्हणून कॅमेरा पाऊलवाटेच्या समोर लावण्यापेक्षा बाजूला, येणाऱ्याची चाल त्याच्यापुढून तिरपी जाईल अशा ठिकाणी लावावा. कडक उन्हाच्या वेळी भोवतालचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचते आणि फरक पुसट होतो, तेव्हा सेन्सर आणखी मंदावतो. खिडकीच्या काचेआडून तर तो जवळजवळ निरुपयोगीच ठरतो, कारण शरीराची उष्णता ज्या तरंगलांबीने बाहेर पडते ती साधी काच अडवते.

बॅटरीचे म्हणाल, तर चित्रावर आखलेला झोन तपासण्यासाठी आधी चित्र लागते आणि चित्रासाठी कॅमेऱ्याला जागे व्हावे लागते. अशा अनेक कॅमेऱ्यांत झोनबाहेरची हालचालही कॅमेऱ्याला उठवते. तो पाहतो, दुर्लक्ष करतो आणि पुन्हा झोपतो. सूचना आली नाही तरी बॅटरी खर्च झालेलीच असते. सेन्सरचा पल्ला किंवा संवेदनशीलता स्वतंत्रपणे कमी करता येत असेल तर ती कमी करावी, नाहीतर कॅमेऱ्याचे तोंडच वर्दळीपासून वळवावे.

प्रश्न : वर्षभर नीट चाललेला झोन अचानक भलत्याच जागेच्या सूचना देऊ लागला आहे.

उत्तर : साफसफाईत किंवा वाऱ्याने कॅमेऱ्याची मान हलली असावी. झोन चित्रातल्या जागेला बांधलेला असतो. चित्र सरकले तरी तो होता तिथेच राहतो. ॲपमध्ये चित्र उलटे केले किंवा त्याची रुंदी-उंची बदलली, तरी हाच घोटाळा होऊ शकतो. फिरणारा कॅमेरा असेल, तर माणसाच्या मागे वळून तो मूळ दिशेला परत येतो का, हेही पाहावे. झोन एकदा पुसून नव्याने आखावा.

प्रश्न : संवेदनशीलता नेमकी किती ठेवावी? शेजाऱ्यांची खिडकी झोनबाहेर ठेवली आहे, एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : खिडकीचे आधी सांगतो, कारण त्यात दुसऱ्याच्या खासगीपणाचा प्रश्न आहे. नाही, एवढे पुरेसे नाही. झोन केवळ सूचना कधी द्यायची ते ठरवतो. झोनबाहेरचा भाग रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसतच राहतो. तो दिसू नये यासाठी प्रायव्हसी मास्क ही वेगळी सोय असते, ती त्या भागावर काळा पट्टा टाकते. तोच वापरावा, आणि जमल्यास कॅमेराच वळवावा.

संवेदनशीलतेसाठी सर्व घरांना लागू पडेल असा आकडा देता येत नाही, तो चालून काढावा लागतो. घरातील एकाने मोबाइल हातात घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून नेहमीच्या चालीने दारापर्यंत यावे, आणि सूचना आली तेव्हा तो कुठे पोहोचला होता ते क्लिप पाहून टिपून ठेवावे. मधल्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. झोन आणि संवेदनशीलता एकदम बदलल्यास गुण कशाचा आला ते कळत नाही. दोन फेऱ्यांमध्ये एक-दोन मिनिटे जाऊ द्यावीत, कारण एक सूचना दिल्यावर बरेच कॅमेरे काही काळ दुसरी देत नाहीत. हीच फेरी अंधार पडल्यावर पुन्हा करावी. मंद उजेडात चित्रात दाणे उमटतात, ते सतत थरथरतात, आणि दिवसा निर्धोक वाटलेला आकडा रात्री त्या थरथरीलाच हालचाल समजू शकतो. दिवसाची आणि रात्रीची संवेदनशीलता वेगवेगळी ठेवण्याची सोय असेल तर रात्रीची थोडी कमी ठेवावी. ती नसेल तर दाराजवळ रात्रभर एक साधा दिवा लावून ठेवावा.