मॉलमधल्या सीबीडी कियॉस्कमध्ये ६०,००० डॉलर घालू का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. ओहायोतल्या कोलंबसच्या मॉलमधली अँकर दुकानं (गर्दी खेचणारी मोठी दुकानं) गेली, निम्मे गाळे रिकामे आहेत, म्हणून लीझिंगवाला तुम्हाला महिना २,८०० डॉलरमध्ये सीबीडी (भांगेच्या झाडातला नशा न आणणारा घटक) तेल आणि क्रीमचा कियॉस्क, म्हणजे वाटेतला छोटा स्टॉल, देतोय आणि तुम्ही घरावर हेलॉक (घर तारण ठेवून मिळणारं कर्ज) काढून ६०,००० घालायचं म्हणताय. माझं उत्तर नको असंच आहे, निदान घर गहाण ठेवून तरी नकोच.

सीबीडीने मॉलला हातभार लागेल हे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाहीये, पण तो फायदा त्याचा, कारण भाडं त्याला मिळतं आणि माल पडून राहिला तर तो तुमचा. २०१८च्या फार्म बिलने, म्हणजे अमेरिकेच्या शेती कायद्याने, हेम्प (ज्यातून सीबीडी काढतात ती नशा न आणणारी भांग) मोकळं केलं आणि २०१९ मध्ये सायमन या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या मॉल कंपनीने सीबीडी विकणाऱ्या ग्रीन ग्रोथ ब्रँड्सला शंभरावर जागा द्यायचा करार केला, ही तुमच्याच कोलंबसची कंपनी बरं का, आणि मे २०२० मध्ये ती दिवाळखोरीचं संरक्षण मागायला कोर्टात उभी. कोविड होता, मान्य, पण त्यांच्याकडे पैसा होता, तुमच्याकडे हेलॉक आहे.

आता गणित बघा. आठवड्याला ७० तास कियॉस्क उघडा, तासाला १५ डॉलरचा माणूस, म्हणजे महिन्याला साडेचार हजार, त्यात भाडं, झाले ७,३००. ४५ डॉलरच्या बाटलीत तुम्हाला सुटणार २२, म्हणजे रोज ११ बाटल्या विकल्या तर कुठे शून्यावर, यात हप्ता आणि कार्डाची फी धरलेलीच नाही (सीबीडी म्हटलं की कार्ड कंपन्या फी वाढवतात नाहीतर सरळ नाही म्हणतात). मंगळवारी दुपारी तिथे स्नीकर घालून फेऱ्या मारणारे आजी-आजोबा सोडले तर कोण असतं हो?

शिवाय नोव्हेंबर २०२५च्या कायद्याने एका बाटलीत जास्तीत जास्त ०.४ मिलिग्रॅम टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) ठरवलंय, वर्षभराची मुदत देऊन, आणि तुमच्या यादीतली फुल स्पेक्ट्रम तेलं (ज्यांत थोडं टीएचसी असतंच) त्यात बसणं कठीण. तो स्टॉक घेऊच नका.

हौस असेलच तर दिवाळी ते ख्रिसमसपुरतं जागेचं तात्पुरतं लायसन्स मागा, फक्त टीएचसी नसलेली क्रीम ठेवा, बचतीतले १०,००० लावा, तेवढेच. आणि त्याने पर्सनल गॅरंटीचा (भाडं थकलं तर तुम्ही स्वतःच्या खिशातून भरणार असा) कागद पुढे केला तर सही करायच्या आधी मला पीडीएफ पाठवा, रात्री पाठवलात तरी चालेल.