सिबिल दुरुस्त करून देणाऱ्या एजंटला पैसे द्यावेत का?

लातूरचा एक एजंट सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद आणि त्यावरून ठरणारा स्कोअर, दुरुस्त करायला पाच हजार मागतोय, द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. नाही, देऊ नका. तो जे करणार ते तुम्ही मोबाइलवर फुकटात करू शकता. मी बीडमध्ये कर्जाच्या फायली बघतो, त्यामुळे हे रोज समोर येतं. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावाच लागतो. तो काढा आणि एकेक खातं नीट वाचा. परवा एका शेतकरीदादांचं ट्रॅक्टरचं कर्ज फिटून दोन वर्षं झालेली, नो ड्यूजचा (काही बाकी नसल्याचा) दाखला घरात, तरी रिपोर्टमध्ये खातं चालूच! असं काही दिसलं तर:

- कंपनीच्या साइटवर त्या नोंदीवर तक्रार टाका,
- बँकेच्या शाखेत दाखल्याची प्रत जोडून अर्ज द्या आणि पोच घ्याच.

तक्रारीचा ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, तीही फुकट. मात्र खरोखर थकलेला हप्ता किंवा 'सेटल्ड' (पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन खातं मिटवलं) हा शेरा खरा असेल तर तो कोणीच पुसू शकत नाही, एजंटही नाही. बाकी भरून पुढचे हप्ते वेळेवर गेले की स्कोअर हळूहळू चढतो. आणि ओटीपी, पॅन, आधार एजंटच्या हाती अजिबात देऊ नका.