शेजारची दोन अक्षरं

अगं,

तुझ्या जेलचा फोटो तीनदा पाहिला. एक्सबीएआय, म्हणजे डीएनए ठरावीक क्रमावर कापणारं एन्झाइम, त्याच्या लेनमध्ये आणि न कापलेल्या कंट्रोलमध्ये बँड अगदी सारखे. म्हणजे तुझं प्लाझमिड, तो जिवाणूतला डीएनएचा गोल, कापलंच गेलं नाही. एन्झाइम दुप्पट घातलंस, रात्रभर ३७ अंशांवर ठेवलंस, आता नवी ट्यूब मागवायची म्हणतेस. पैसे वाचव, क्रम वाच. साइट, म्हणजे एन्झाइमची कापायची जागा, तू वाचलीस, तिच्या शेजारची अक्षरं वाचली नाहीस.

एक्सबीएआयची साइट टी-सी-टी-ए-जी-ए, तिच्या लगेच पुढे तुझ्या नकाशात टी-सी आहे. सलग वाच. शेवटी जी-ए-टी-सी तयार झालं ना? ही डॅम मिथिलेजची, म्हणजे डीएनएवर मिथाइल गट चढवणाऱ्या जिवाणूच्या एन्झाइमची जागा, आणि प्लाझमिड काढलंस डीएच-५-अल्फा या जिवाणूमधून, ज्यात डॅम आणि डीसीएम हे दुसरं मिथिलेज, दोन्ही चालू असतात. डॅम डीएनएवरून सरकत जातं, मोठ्या खोबणीत अक्षरांच्या कडा चाचपतं. जी-ए-टी-सी सापडलं की त्यातलं ॲडेनिन दुहेरी गोफातून बाहेर वळवून स्वतःच्या खिशात घेतं आणि एस-ॲडेनोसिल मेथिओनिनचा, म्हणजे सॅमचा, मिथाइल गट त्याच्या अमिनो नायट्रोजनवर चढवतं. समोरची साखळीही जी-ए-टी-सी च वाचते, म्हणून तिच्यावरही तेच. टी शी जोडी शाबूत राहते, त्यामुळे सँगर सिक्वेन्सिंगमध्ये काहीच दिसत नाही. एक्सबीएआयला मात्र तो मिथाइल नेमका आडवा येतो.

नुसतं जी-ए-टी-सी दिसलं की घाबरायचं, असंही नाही हं. बॅमएचआय या कापणाऱ्या एन्झाइमच्या साइटच्या पोटातच ते आहे, तरी ते बिनतक्रार कापतं; बीसीएलआयच्या साइटमध्येही आहे, पण ते अडतं. कोणतं एन्झाइम मिथाइलने अडतं त्याचा तक्ता बघ, अंदाज बांधू नकोस.

खात्री हवी असेल तर तीन एन्झाइमांच्या तीन ट्यूब लाव. प्रत्येकीत ५०० नॅनोग्रॅम प्लाझमिड, त्या-त्या एन्झाइमचा १०-एक्स बफर २ मायक्रोलिटर, एन्झाइम १, बाकी पाणी, एकूण २०. ३७ अंशांवर तासभर. जी-ए-टी-सी वर डीपीएनआय मिथाइल असेल तरच कापतं, एमबीओआय नसेल तरच, साऊ-३-एआय दोन्ही वेळा. एन्झाइम एकूण आकारमानाच्या दहा टक्क्यांवर नेऊ नकोस. ग्लिसरॉल वाढलं की काही एन्झाइम भलतीकडेही कापतात. तोच तुकडा पीसीआरने, म्हणजे ट्यूबमध्येच नकला काढून, वाढवलास तर त्यावर मिथाइल नसतो. तो एक्सबीएआयने कापला गेला आणि प्लाझमिड नाही, तर वाद संपला.

उपाय साधा आहे: प्लाझमिड जेएम-११० सारख्या डॅम-डीसीएम नसलेल्या जिवाणूत घाल, पुन्हा मिनीप्रेप कर, म्हणजे त्यातून प्लाझमिड काढ, मग काप. वसाहती कमी येतील, हिरमुसू नकोस. आणि कायमचा साठा तिथे ठेवू नकोस. डॅम नसलं की जिवाणूच्या डीएनए दुरुस्ती यंत्रणेला नवी साखळी कोणती ते कळत नाही, म्युटेशन वाढतात. साठा डीएच-५-अल्फातच.

पुढच्या महिन्यात ट्यूबमध्ये मिथिलेशन करणार आहेस, तेव्हा सॅम जप. साध्या पीएचला, उबेत ते लवकर बिघडतं, आणि नाशिकच्या एप्रिलात बेंचवर विसरलेली ट्यूब म्हणजे उबच. बर्फावर ठेव, दर वेळी ताजं पातळ कर, सॅम नसलेला कंट्रोल लाव. मिथिलेजला मॅग्नेशियम लागत नाही, कापणाऱ्या एन्झाइमला लागतं. हे बफर निवडताना आठव.

लोक मला हेकट म्हणतात, म्हणोत. दरवेळी 'क्रम दाखव' म्हणते, कारण दहा मिनिटांचं वाचन टाळून आठवडे घालवलेली पोरं फार आहेत. उद्या येशील तेव्हा साइटच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा अक्षरं छापून आण. डावीकडे जी-ए असलं तरी तोच घोळ होतो.