सॅटेलाइटवरून आलेलं हवामान बघत छोटं विमान ढगांमधून काढता येतं का?

नाही. लांबून वळसा घालायला उत्तम, पण दोन ढगांच्या फटीत घुसायला अजिबात वापरू नका.

अमेरिकेत सिरियस एक्सएम या रेडिओ कंपनीच्या उपग्रहांवरून रडारचं चित्र थेट कॉकपिटमध्ये येतं. गोम आहे ती वेळेची. पडद्यावर 'एक मिनिट जुनं' दिसतं, ते अनेक रडारच्या नोंदी जोडून चित्र तयार झालं तेव्हापासूनचं वय. त्यामागची रडारची नोंद आणखी शिळी. तिथल्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) 2012 मध्ये इशाराच दिला, की हा फरक 15-20 मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. आता जूनच्या तोंडावरची आपली संध्याकाळ आठवा: जुहूच्या धावपट्टीवर ऊन, ठाण्याकडे काळंकुट्ट, आणि कटिंग संपेपर्यंत पत्रे वाजायला लागलेले!

तसंही ती सेवा आपल्याकडे मिळत नाही. निघण्याआधी हवामान खात्याच्या मुंबईतल्या कुलाबा आणि वेरावली रडारची चित्रं बघा, वरची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवून. इन्सॅटच्या चित्रात ढगांचे माथे दिसतात, पोटातला पाऊस नाही. आणि मोठ्या गडगडाटी ढगापासून किमान 20 मैल लांब. खिडकीतून काळं दिसतंय आणि पडदा हिरवा, म्हणजे हलका पाऊस, सांगतोय? खिडकीचं ऐका.