इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळायला सुरुवात करतेय. पेसी या घरी मुलं सांभाळणाऱ्यांच्या संघटनेचं सदस्यत्व घ्यावं का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: पेसीचं सदस्य व्हावंच लागतं का, आणि पैसे वसूल होतात का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं, माझे झाले. पण ज्यासाठी भरले होते त्यासाठी नव्हे.

आधी एक घोळ मिटवते, कारण मीही त्यात अडकले होते. परवानगी पेसी देत नाही. आठ वर्षांखालचं मूल दिवसाला दोन तासांहून जास्त वेळ, पैसे घेऊन, घरी सांभाळायचं तर नोंदणी ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे करायची, नाहीतर एखाद्या चाइल्डमाइंडर (म्हणजे घरी मुलं सांभाळणाऱ्यांच्या) एजन्सीकडे. घरात राहणाऱ्या सोळा आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाची डीबीएस तपासणी (गुन्ह्याची नोंद आहे का ते पाहणारी) होते, सासूबाई असतील तर त्यांचीही. प्रथमोपचाराचा बारा तासांचा कोर्स आणि विमा हवाच. साधारणपणे आठ वर्षांखालची सहाच मुलं ठेवता येतात. त्यात पाचाखालची तीन, आणि वर्षाखालचं एकच. यात स्वतःची मुलंही धरतात. माझा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता, म्हणजे एक जागा घरच्यानंच अडवलेली!

पेसी ही धर्मादाय संस्था. 1977 मध्ये चाइल्डमाइंडर लोकांची संघटना म्हणून सुरू झाली, 2013 मध्ये हे नाव घेतलं, आणि आता ती कोरम या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा भाग आहे. (थॉमस कोरमनं 1739 मध्ये लंडनला टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम काढला होता, तीच ही कोरम.)

मी सदस्य झाले ते विम्यासाठी. उपयोग झाला तो कागदांचा.

पहिल्या वर्षी एका कुटुंबाशी सगळं तोंडीच ठरवलं होतं. आपली मराठी माणसं, त्यांच्याकडून सही कशी मागायची? ऑगस्टमध्ये ते पाच आठवडे भारतात गेले, पैसे दिले नाहीत, आणि परतल्यावर 'उद्यापासून नर्सरीत घालतोय' असा मेसेज आला. मी मात्र ती जागा धरून ठेवून दुसऱ्या दोघांना नाही म्हणून बसले होते. पेसीच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी शांतपणे एकच विचारलं, "कराराची प्रत आहे ना जवळ?" मला बोलताच येईना. त्यानंतर त्यांचा छापील करार वापरायला लागले. सुट्टीचे पैसे, जागा राखून ठेवण्याचे पैसे, नोटीस किती आठवड्यांची, उशिरा नेलं तर किती, सगळ्याचे रकाने तयार असतात. मागायला संकोच वाटतो ते कागदच मागतो.

दुसरी गोष्ट अपघात वहीची. मूल पडलं की लिहायचं आणि त्याच दिवशी पालकांना सांगायचं, हे ठाऊक होतं. पण घरून येताना अंगावर असलेली जखमही दारातच लिहून घ्यायची, हे मला त्यांच्या प्रशिक्षणात कळलं. 'सकाळी 8:10, डाव्या कोपराला जुना ओरखडा, आई म्हणाली मांजर', खाली आईची सही. पहिल्यांदा फार अवघड वाटतं, समोरच्यावर संशय घेतल्यासारखं. मी पेन पुढे करताना दर वेळी हसून 'सगळ्यांचंच लिहिते हं' म्हणायचे. आता पालकच आल्या आल्या गुडघा दाखवतात.

त्यांच्या ऑनलाइन कोर्सपैकी बरेचसे मी अर्धेच पाहिले. विमाही दुसरीकडे मिळतो, दर ताडून बघा. पहिलं वर्ष तरी सदस्यत्व घ्या, करार हाताशी ठेवा, पुढचं पुढे ठरवा. दिवसभर दोन वर्षांच्या मुलांशी बोलून झाल्यावर कामाचं विचारायला एखादा मोठा माणूस लागतोच. स्कॉटलंडमध्ये असाल तर तिथली संघटना आणि नियम दोन्ही वेगळे.

बहिणीचं मूल सांभाळायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: मूल सांभाळण्याच्या ज्या तासांचे पैसे सरकार भरतं, ते अनुदान नात्यातल्या मुलासाठी तुम्हाला मिळत नाही. आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाकडून आधी लेखी घ्या. माझे दोन महिने त्यातच गेले.