शेजारचं पार्सल घेतलं, आता न्यायला कोणी येईना

यावेळी पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांचा विषय एकच निघाला, दुसऱ्याचं पार्सल. कोणाच्या घरात ते पडून आहे, कोणाचं हरवलंय, कोणाला नाही म्हणता येत नाही. म्हणून सगळी जागा यालाच देतेय. वरवर छोटी गोष्ट वाटते पण यावरून बोलणं बंद झालेली घरं मी बघितलीयेत, त्यामुळे नीट लिहिते.

प्रश्न: ताई नमस्कार. शेजारच्या काकू बाहेरगावी असताना कुरियरवाल्याने त्यांचा एक मोठा बॉक्स माझ्याकडे दिला, म्हणजे मी हो-नाही म्हणायच्या आत सही घेऊन गेलासुद्धा. त्याला आता तीन आठवडे होत आले. काकू केव्हाच परत आल्यात, जिन्यात भेटतात, हसतात, मी दोनदा आठवण केली तर "हो गं, नेते" म्हणाल्या आणि विषय संपला. बॉक्स पॅसेजमध्ये आहे, येता जाता पाय लागतो. उघडून बघू का, त्यांच्या दारात नेऊन ठेवू का, की अजून थांबू? संबंध बिघडवायचे नाहीयेत. (नाव छापू नये)

उत्तर: उघडू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण एखादी वस्तू इतके दिवस घरात राहिली की हात जातोच. पण बंद बॉक्स परत पाठवता येतो, टेप कापलेला बॉक्स परत घ्यायला कोणीही कुरकुर करणार, आणि आत काही फुटलेलं निघालं तर ते कधी फुटलं याचं उत्तर तुमच्याकडे नसणार.

आता खरा मुद्दा, जो काकूंना बहुतेक माहीतच नाहीये. तुमची सही झाली त्या क्षणी कुरियरवाल्याच्या मशीनवर ते पार्सल 'डिलिव्हर्ड' झालं. तुम्ही घेतलं नसतं तर काय झालं असतं बघा, तो बहुतेक दुसऱ्या दिवशी परत आला असता, कदाचित अजून एकदा आला असता, मग ते त्यांच्या ऑफिसात काही दिवस थांबलं असतं आणि तरी कोणी नेलं नाही तर पाठवणाऱ्याकडे परत गेलं असतं. शेजारधर्म म्हणून आपण हात पुढे केला की हा परतीचा रस्ता बंद होतो. कंपनीच्या लेखी काम झालं. आणि वस्तू परत करायची, बदलून घ्यायची किंवा तुटकी निघाली म्हणून तक्रार करायची जी मुदत असते ती बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीच्या तारखेपासून धरतात, काकू बॉक्स उघडतील त्या दिवसापासून नाही. म्हणजे त्या "नेते गं" म्हणतायत तोवर नुकसान त्यांचंच होतंय, कदाचित मुदत संपलीही असेल, आणि त्याचं खापर उद्या तुमच्यावर फुटू शकतं. म्हणून आता थांबू नका.

आतापर्यंत तुम्ही जिन्यात, तोंडी, हसत हसत सांगितलंय. ते विसरायला सोपं असतं. आता मेसेज करा, बॉक्सचा फोटो लावून, लेबल वाचता येईल असा. काहीसा असा: "काकू, तुमचं हे पार्सल गेल्या महिन्यात माझ्याकडे देऊन गेले होते, त्यावर तारीख आहे बघा. परत करायची मुदत त्या तारखेपासूनच धरतात, तेवढं बघून घ्या. आज संध्याकाळी सातला आणून देऊ का?" शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. 'न्या' म्हटलं की काम त्यांच्याकडे जातं आणि लांबतं, 'सातला आणू का' म्हटलं की हो किंवा नाही एवढंच सांगायचं उरतं.

आणि एक मनापासून सांगू? माणूस स्वतःची वस्तू न्यायला येत नाही तेव्हा दरवेळी आळसच असतो असं नाही. बॉक्स उचलवत नसेल आणि तसं सांगायला संकोच वाटत असेल. घरात न सांगता मागवलेलं असेल. कोणीतरी पाठवलेली भेट असेल आणि त्या माणसाशी सध्या बोलणं नसेल. काकूंना एकटीला गाठून एकदा हळूच विचारा, "जड आहे, मी धरू लागू का, की परत पाठवायचंय?" चारचौघात नको. परत पाठवायचंय हे ऐकायला मिळालं तर लेबलवरचा ट्रॅकिंग नंबर त्यांना द्या आणि विक्रेत्याला फोन मात्र त्यांनाच करू द्या, ऑर्डर त्यांची आहे, आपण फोन केला तर पलीकडचा माणूस आपल्याशी बोलणारच नाही.

दारात न सांगता ठेवायचं मात्र अजिबात नाही. फुकटात सांभाळणाऱ्याकडून कोणी फार मोठी अपेक्षा करत नाही, पण एकदा ताब्यात घेतलेली वस्तू मोकळ्या जिन्यात सोडून दिली आणि ती गेली तर तो निष्काळजीपणाच धरला जातो. काकूंनी स्वतः "दारात ठेव" असं लिहून कळवलं तर ठेवा, ठेवल्यावर फोटो काढून लगेच पाठवा, मग तुम्ही सुटलात. इतकं करूनही हललं नाही तर लेखी एक तारीख द्या, की अमुक दिवसापर्यंत माझ्याकडे ठेवू शकते, त्यानंतर मी कुरियर कंपनीला न्यायला सांगते. कंपनी लगेच ऐकेल असं नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता लेबलवर असतो, तिथेही कळवावं लागेल. टाकून देणं, कोणाला देऊन टाकणं, विकणं, यातलं काहीही करू नका, तुम्हाला त्याचा कितीही त्रास होत असला तरी.

प्रश्न: आम्ही राहायला आलो त्या घरात आधी जे राहत होते त्यांची पार्सलं अजून येतात. सुरुवातीला घेऊन ठेवली, आता ढीग झालाय. त्यांचा नंबर नाही. काय करायचं या सगळ्याचं?

उत्तर: आजपासून नवीन घेणं बंद करा, हे पहिलं. "ते इथे राहत नाहीत" एवढं कुरियरवाल्याला सांगितलं की तो तशी नोंद करतो आणि पार्सल आपोआप परतीला लागतं. त्यांचा नवा पत्ता किंवा नंबर पुढेमागे कळला तरी दारातल्या माणसाला परस्पर देऊन टाकू नका. घर सोडून गेलेल्या माणसाला आपला पत्ता कोणाला कळू नये असं वाटत असू शकतं, आपल्याला कारण माहीत नसतं.

जो ढीग आहे त्यात आधी पातळ पाकिटं वेगळी काढा, कारण त्यात बँकेचं कार्ड, सरकारी कागद असं काही असू शकतं आणि ते पडून राहणं त्या माणसाला महागात पडतं. दुसऱ्याच्या नावाचं टपाल मुद्दाम उघडणं हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे, तेव्हा आत काय आहे याचा अंदाज बाहेरूनच करा. पत्त्यावर एक रेघ मारून "या पत्त्यावर राहत नाहीत, पाठवणाऱ्याला परत" असं ठळक लिहा आणि जे पोस्टाचं ते पोस्टात, जे कुरियरचं ते कुरियरकडे. बारकोडवर मात्र काही खरडू नका, परतीच्या वेळी कुरियरवाला तोच स्कॅन करतो.

हे थांबत का नाही तर बहुतेक वेळा त्यांच्या ॲपमध्ये तुमच्या घराचा पत्ता अजून पहिला पत्ता म्हणून सेव्ह आहे, नाहीतर दर महिन्याला आपोआप जाणारी एखादी ऑर्डर चालू आहे. घरमालकांकडे त्यांचा नंबर असतो. नंबर मागू नका, "जुना पत्ता काढून टाका" एवढा निरोप पोचवायला सांगा.

प्रश्न: शेजाऱ्यांच्या नावाचं पार्सल द्यायला गेलो तर ते म्हणतात आम्ही काही मागवलंच नाही, तुम्हीच ठेवा. आता ते ना त्यांचं ना माझं. आत कानातलं किंवा तसलं काहीतरी हलकं असावं.

उत्तर: हे होतं, आणि त्याला ब्रशिंग म्हणतात. काही विक्रेते खऱ्या लोकांच्या नाव-पत्त्यावर हलकीफुलकी स्वस्त वस्तू पाठवतात, डिलिव्हरी झाल्याची नोंद झाली की त्या नावाने स्वतःच छान छान रिव्ह्यू लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटतं खऱ्या ग्राहकाने लिहिलंय. वस्तू गौण आहे. काळजीची गोष्ट ही की तुमच्या शेजाऱ्यांचं नाव, पत्ता, बहुधा फोन नंबरही कोणाच्या तरी यादीत गेलाय. म्हणून ते पार्सल त्यांच्याच हातात द्या, ठेवायचं की टाकायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि ज्या साइटचं नाव बॉक्सवर आहे तिथल्या तुमच्या खात्याचा पासवर्ड बदला आणि त्या साइटकडे तक्रारही करा, असं शेजाऱ्यांना सांगा. आत चिठ्ठी असेल आणि त्यावर क्यूआर कोड असेल, 'कोणी पाठवलं ते बघा' वगैरे, तर तो अजिबात स्कॅन करायचा नाही, त्यातून फसव्या साइटवर नेऊन माहिती काढून घेतात. पाठवल्याबद्दल कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.

पण एक खात्री आधी करून घ्या, घरातल्या दुसऱ्या कोणी मागवलेलं तर नाही ना. मुलांनी मागवलेलं असतं आणि आईवडील शपथेवर नाही म्हणतात.

प्रश्न: माझं पार्सल 'शेजाऱ्यांकडे दिलं' असं दाखवतंय आणि दोन्हीकडचे शेजारी म्हणतात आमच्याकडे आलंच नाही. कोणीतरी खोटं बोलतंय. कसं काढून घेऊ?

उत्तर: काढून घेऊ ही भाषा तूर्त बाजूला ठेवा. कंपनीकडे डिलिव्हरीचा पुरावा मागा, म्हणजे कोणाच्या नावावर दिलं, सही कोणाची, फोटो आहे का, त्यावेळचं लोकेशन काय. फोटो असेल तर नीट मोठा करून बघा, दाराचा रंग, पायपुसणं, फरशी, कडीची बाजू. बऱ्याचदा तिथेच कळतं की हे आपल्या मजल्यावरचं दारच नाही, शेजारच्या इमारतीत त्याच नंबरच्या घरात दिलंय. आणि शेजाऱ्यांना परत विचाराल तेव्हा "तुम्ही घेतलंत का" असं नको, "घरात कोणी घेऊन ठेवलंय का, जरा बघता का" असं विचारा, कारण पार्सल घेतं एक जण आणि दार उघडतं दुसरंच. आजोबांनी घेऊन कपाटामागे ठेवलेलं असतं आणि सुनेला पत्ता नसतो. हे सगळं एका दिवसात उरका आणि मिळालं नाही तर लगेच तक्रार नोंदवा, चालढकल केली की कंपनी हात वर करते. पुढच्या वेळी ओटीपी मागणारी डिलिव्हरी निवडता आली तर निवडा, फक्त तो ओटीपी पार्सल समोर आल्याशिवाय फोनवर कोणालाही सांगू नका.

प्रश्न: मी दिवसभर घरी असतो म्हणून सगळ्यांची पार्सलं माझ्याकडेच. भीडेपोटी नाही म्हणता येत नाही. काय करू?

उत्तर: दादा, नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे तुम्हाला. कुरियरवाल्याला एकच वाक्य ठरवून ठेवा, "त्यांनी मला सांगितलेलं नाही, त्यांना फोन लावा." शेजाऱ्यांनाही सांगा की आदल्या दिवशी कळवलंत तर घेईन. पैसे भरून घ्यायचं पार्सल असेल तर त्यांनी आधी पैसे पाठवल्याशिवाय घ्यायचंच नाही, यात भीड नको.

आणि जे घ्याल त्याच्या बॉक्सवरची चित्रं घेतानाच बघा. दोन बाण म्हणजे हीच बाजू वर, ग्लास म्हणजे फुटणारं, छत्री म्हणजे ओल लागू द्यायची नाही. कोपरा चेपलेला दिसला तर कुरियरवाल्यासमोरच फोटो काढा. थंड ठेवा असं लिहिलेलं औषधाचं पार्सल असेल तर शक्यतो घेऊच नका, घेतलं तर त्याच मिनिटाला शेजाऱ्यांना फोन करून कुठे ठेवायचं ते विचारा. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला लागतं, म्हणजे साध्या फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, एकदा गोठलं की ते वापरता येत नाही.