वाचकांचे प्रश्न : छोटी ट्रेल मोटरसायकल आणि एल्कची शिकार

प्रश्न : मी कोलोरॅडोत, डेन्व्हरला एच-१बी व्हिसावर आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचंय. जुनी यामाहा टीडब्ल्यू२०० मिळतेय, घ्यावी का? रायफल गाडीवर कशी न्यायची?

उत्तर : गाडीआधी कागद बघा. नॉनइमिग्रंट (एच-१बीसारख्या तात्पुरत्या) व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. राज्याचं चालू शिकार-लायसन्स जवळ असेल तर सूट मिळते. मित्राने ‘जरा धर’ म्हणून रायफल पुढे केली तरी हात लावण्याआधी लायसन्स खिशात हवं. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना या लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो.

गाडी मात्र या कामाला उत्तम. १९६ सीसी, एअरकूल्ड, वजन साधारण १२६ किलो. मागचा टायर १८०/८०-१४, म्हणजे मोटरसायकलच्या मानाने चांगलाच जाडजूड. भुसभुशीत मातीत आणि खडीवर त्याचाच आधार असतो. सीट सुमारे ७९ सेंटिमीटरवर, त्यामुळे अडलं तर दोन्ही पाय टेकतात. घेतल्यावर पहिला बदल म्हणजे पुढचं १४ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) काढून १३ दातांचं बसवा. टॉप स्पीड थोडा जातो, पण चढावर क्लच जाळावा लागत नाही. ट्रेलवर टायरमधली हवा १२ पीएसआयच्या आसपास ठेवा. त्याहून फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो.

रायफल पाठीला आडवी लटकवू नका. नळी फांदीत अडकते आणि पडलात तर सगळा मार मणक्यावर बसतो. कोलोरॅडोत ओएचव्हीवर (कच्च्या वाटांवर चालणाऱ्या वाहनावर) रायफल नेताना चेंबर (नळीमागचा काडतुसाचा कप्पा) आणि मॅगझिन दोन्ही रिकामी हवीत आणि रायफल पूर्ण बंद केसमध्ये हवी. तोंड उघडं असलेला स्कॅबर्ड (रायफलचं म्यान) चालत नाही. केस रॅकवर आडवी न बांधता गाडीच्या लांबीला समांतर बांधा. थरथरीने स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) रिंगचे स्क्रू ढिले होतात, म्हणून शिकारीआधी झीरो, म्हणजे नेम बरोबर लागतोय ना, ते तपासाच.

गाडी नेमकी कुठे चालते हे फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटर व्हेईकल यूज मॅपवर बघा. तो फुकट मिळतो. कोणती पायवाट मोटरसायकलला खुली आहे आणि कोणत्या तारखांना, हे त्यात असतं. तारखांचा तक्ता लोक वाचत नाहीत आणि दंड भरतात. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या क्षेत्रात इंजिन अजिबात नाही, मारलेला एल्क उचलायलाही नाही. शिकारीसाठी आखलेल्या आयडाहो राज्यातल्या काही युनिट्समध्ये तर हंगामात शिकाऱ्यांच्या वाहनांवर वेगळे निर्बंध आहेत. गाडी मुक्कामापासून ट्रेलच्या टोकापर्यंत न्यायची आणि पुढे पायीच जायचं. शिकारीच्या जागेपासून मैलभर अलीकडेच इंजिन बंद केलेलं बरं.

प्रश्न : मारलेल्या एल्कची तंगडी गाडीवरून आणता येते का?

उत्तर : येते, पण एका खेपेला एकच. मोठ्या नराची हाडासकट मागची तंगडी २५-३० किलोपर्यंत भरते. ती रॅकवर उंच आणि मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल ऐकत नाही आणि चढावर गाडी तोंड वर करते. म्हणून तंगडी सीटला टेकवून, जड बाजू पुढे, शक्य तितकी खाली ठेवा आणि दोन कॅम स्ट्रॅपनी (बकलने ताणायच्या पट्ट्यांनी) आवळा. बंजीचे (रबरी दोरीचे) हुक ताण आला की सुटतात. टीडब्ल्यूचा सायलेन्सर उजवीकडे वर चढलेला असतो. मांस किंवा कापडी पिशवी त्याला टेकली की करपलीच.

त्याआधी मांस थंड झालेलं हवं. कातडं लगेच काढा, कापडी गेम बॅगमध्ये घालून सावलीत, वाऱ्यावर टांगा. गरम मांस प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं की आतली ऊब बाहेर पडत नाही आणि मांडीच्या खुब्यापाशी, हाडालगत, आंबायला सुरुवात होते. बाहेरून ताजं दिसतं, वास घरी सुरी लावल्यावर येतो. कोलोरॅडोत नर-मादी ओळखता येईल अशी शरीरावरची खूण मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेलीच राहावी लागते, हे सोलताना विसरू नका. गाडीवर शिंगं बांधली तर त्यांना केशरी कापड गुंडाळा, नाहीतर झाडीतून हलणारं शिंगच दुसऱ्याला दिसायचं.

प्रश्न : १०,००० फुटांवर माझी टीडब्ल्यू धापा टाकते. होंडा ट्रेल १२५ घेऊ का?

उत्तर : दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे तिथे जवळपास ३० टक्के. हे कुठल्याही गाडीचं होणार. प्लग काढून बघा. काजळीसारखा कोरडा काळा असेल तर मिक्श्चर रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक-दोन नंबर लहान घाला. खाली आलात की आठवणीने परत बदला, नाहीतर इंजिन लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालून तापेल. प्लग ठीक असेल तर दोष स्प्रॉकेटचा, वर सांगितलंच आहे.

ट्रेल १२५ ला फ्युएल इंजेक्शन असल्याने जेटची कटकट नाही, आणि किकही आहे. पण टाकी ५.३ लिटरची (टीडब्ल्यूची ६.८) आणि होंडाच्याच जुन्या सीटी११० ला असलेला लो रेंज गिअर (उभ्या चढासाठीचा जादा हळू गिअर) तिच्यात नाही. सपाट, लांबच्या फॉरेस्ट रोडला ती बरी. उभ्या चढाला टीडब्ल्यूच.

प्रश्न : हेच सह्याद्रीत करता येईल का?

उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे.

प्रश्न : वर्षभर उभी असलेली गाडी ऐन हंगामात सुरू होत नाही.

उत्तर : बहुतेक वेळा पायलट जेट (कार्ब्युरेटरमधला मंद चालीचा बारीक जेट) तुंबलेला असतो, कारण कार्ब्युरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. पुढच्या वेळी ठेवताना पेट्रोल कॉक बंद करा आणि फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) खालचा स्क्रू उघडून ते रिकामं करा. नव्या टीडब्ल्यूला किक नाही, म्हणून छोटा जंप स्टार्टर (गाडी सुरू करायची जादा बॅटरी) बरोबर हवाच. रात्री तो झोपायच्या पिशवीत घ्या, गारठ्यात त्याचीही ताकद जाते.